दाराची फाइल : मेमकॅशेड, सॉकेट आणि ०७००

२८ फेब्रुवारी २०१८. जगभरच्या प्रोग्रामरांचे कोठार असलेले गिटहब हे संकेतस्थळ काही मिनिटे कोलमडले. सेकंदाला १.३५ टेराबिट इतका माहितीचा लोंढा त्यावर येऊन आदळत होता. अशा प्रकारचा इतका मोठा हल्ला तोवर ज्ञात नव्हता. त्याचे हत्यार मात्र कोणताही विषाणू नव्हता. ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर निमूटपणे राबणाऱ्या मेमकॅशेड या सेवकालाच हल्लेखोरांनी वेठीस धरले होते.

मेमकॅशेडचा जन्म २००३ चा. लाइव्हजर्नलचा डेटाबेस वाचकांच्या गर्दीने दमू लागला, तेव्हा ब्रॅड फिट्झपॅट्रिकने वारंवार लागणारी उत्तरे थेट मेमरीत ठेवणारा हा प्रोग्राम आधी पर्लमध्ये लिहिला. पुढे अनातोली वोरोबे याने तो सी भाषेत उतरवला. नावाच्या शेवटचा ‘ड’ म्हणजे डेमन, पडद्याआड अखंड चालणारा प्रोग्राम. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रूढ झाला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतला, रेणूंची निवड करत बसणारा दारवान हे त्याचे मूळ. गंमत अशी की मेमकॅशेडपाशी दारवानच नव्हता. वेग हेच ध्येय असल्याने मूळ रचनेत ‘तू कोण’ असे विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

स्वतःच्या विश्वासू जाळ्यात हे चालून गेले. पण अनेकांनी ११२११ क्रमांकाचे पोर्ट साऱ्या इंटरनेटला उघडे ठेवले. यूडीपी पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. हल्लेखोर बळीचा पत्ता लिहून १५ बाइटची विनंती धाडत आणि ७५० किलोबाइटचे उत्तर बळीच्या दारात जाऊन पडे. म्हणजे जवळजवळ ५१ हजार पट! त्याच आठवड्यात आलेल्या १.५.६ या आवृत्तीत यूडीपी मुळातच बंद ठेवण्यात आले.

वास्तविक याहून सुरक्षित वाट कितीतरी जुनी होती. १९८३ च्या ४.२ बीएसडीने सॉकेट ही कल्पना रुजवली आणि तिचाच एक प्रकार म्हणजे युनिक्स डोमेन सॉकेट. एकाच यंत्रावरचे दोन प्रोग्राम ज्यातून बोलतात ते हे दार फाइलींच्या यादीत एखाद्या फाइलीसारखेच दिसते. त्यामुळे मालक, गट आणि इतर अशी बेल लॅब्जमध्ये घडलेली युनिक्सची परवानगी-व्यवस्था त्यालाही लागू होते. मेमकॅशेडला -s ने असे सॉकेट दिले की जाळ्यावरचे दार बंद होते आणि -a ने परवानगी ठरते. ती न सांगितल्यास ०७००, म्हणजे मालकापुरतीच.

नेमकी इथेच अनेकांची गाडी अडते. मेमकॅशेड एका वापरकर्त्याच्या नावाने चालतो, वेब सर्व्हर दुसऱ्याच्या; मग सर्व्हरला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. वैतागलेला प्रशासक ०७७७ लिहून मोकळा होतो. याला उपाय म्हणणे कठीण. दार बिजागरीसकट काढून ठेवण्यातलाच हा प्रकार. उचित मार्ग ०७७० चा : वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला मेमकॅशेडच्या गटात घ्यावे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा, कारण चालू प्रोग्रामला नवे सभासदत्व आपोआप कळत नाही.

एवढ्यानेही पहारा सर्वत्र पक्का होतोच असे नाही. लिनक्सवर सॉकेटला जोडून घ्यायचे तर त्या फाइलीवर लिहिण्याची परवानगी लागते. जुन्या काही बीएसडी प्रणाली मात्र ही परवानगी पाहतच नसत आणि पॉझिक्स प्रमाणकही त्याबाबत मौन बाळगते. म्हणूनच जाणते लोक सॉकेट वेगळ्या निर्देशिकेत ठेवतात आणि त्या निर्देशिकेत पाऊल टाकण्याची मुभाच मोजक्यांना देतात. आत शिरता आले नाही, तर दारापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उरत नाही.