वसईचे फादर, मराठीचे अध्यक्ष

दिंडोरीत वाढलेल्या मला ‘फादर’ म्हणजे इंग्रजी शाळा, एवढंच ठाऊक होतं. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा ‘ख्रिस्ती धर्मगुरू कशाला?’ म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या.

वसईच्या या कॅथलिक धर्मगुरूंनी १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, हरित वसईसाठी सगळ्या धर्मांच्या गावकऱ्यांसोबत लढा दिला, बायबल सुबोध मराठीत आणलं. एकोप्यासाठी त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, की इतरांवर लादली नाही.

पाठीचं दुखणं असूनही ते उस्मानाबादला गेले आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेविरुद्ध बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे मला त्यांच्यामुळे कळलं.