शित्झू: नावाचा सिंह

चिनीत ‘शिझी’ म्हणजे सिंह, ‘गोउ’ म्हणजे कुत्रा. चीनबाहेर ‘शिझी गोउ’ हे नाव ‘शित्झू’ म्हणून रुळलं आणि त्यातला कुत्रा गळला, सिंह तेवढा उरला! चीनच्या रानात सिंह नाहीत. लोकांनी तो पाहिला मुख्यतः बौद्ध शिल्पांत, बोधिसत्त्व मंजुश्रीचं वाहन म्हणून. त्याच सिंहाचं नाव मिळालेलं, तिबेटी वंशाचं हे झुबकेदार कुत्रं पेकिंगच्या राजवाड्यात लाडावलं. सम्राज्ञी त्सुशीलाही त्याचं वेड होतं. अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मात्र थेट 1969 मध्ये.

नाकावरचे केस वर वाढतात, त्यामुळे चेहरा फुललेल्या शेवंतीसारखा. स्वभाव? राखणीला शून्य, अनोळखी माणसाच्याही मांडीवर बसेल. चपट्या नाकामुळे उकाडा मात्र सोसत नाही. तेव्हा पुण्या-नागपूरकरांनो, उन्हाळ्यात त्याला दुपारी फिरायला नेऊ नका.