दोन डोळे, दोन भिंगे

इसवी सन १८३८ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स व्हीट्स्टन यांचा एक निबंध वाचला गेला. व्हीट्स्टन यांचे घराणे वाद्ये बनवणारांचे. ते स्वतः किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. निबंधाचा विषय मात्र वाद्यांचा नव्हता आणि विजेचाही नव्हता. मनुष्याला डोळे दोन असून वस्तू एकच का दिसते, आणि तिचे पुढे-मागे असणे त्याला कसे उमगते, असा तो विषय होता. या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शब्दांनी दिले तसे एका साध्या उपकरणानेही दिले. काटकोनात जोडलेले दोन आरसे, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक रेखाचित्र, एवढेच ते उपकरण. एक चित्र उजव्या डोळ्याला वस्तू जशी दिसेल तसे काढलेले, दुसरे डाव्याला दिसेल तसे. आरशांशी नाक भिडवून पाहणाऱ्याला ती दोन सपाट चित्रे दिसेनाशी होत आणि त्यांच्या जागी एकच घनाकृती अधांतरी उभी राही. चित्रांत छायेचा वापर मुद्दामच केलेला नव्हता. खोलीचा भास छायेमुळे होतो, असे म्हणायला कोणाला जागाच राहू नये, हा त्यामागचा हेतू.

आज डोक्याला पट्ट्याने बांधावयाचा जो आभासी वास्तवाचा हेडसेट बाजारात मिळतो, त्याचे मूळ या दोन आरशांत आहे. परंतु हेडसेट घालणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते: चित्र अंधूक दिसते. ही तक्रार हेडसेटाहून कितीतरी जुनी आहे, आणि तिच्या निवारणाचा इतिहास हा या उपकरणाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग आहे.

व्हीट्स्टन यांचे उपकरण टेबल अडवणारे होते. १८४९ मध्ये स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरसे काढून भिंगे बसवली आणि सगळा पसारा हातात धरता येईल अशा पेटीत आणला. पॅरिसच्या ज्यूल दुबॉस्क यांनी ती पेटी तयार केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला ती आवडली, आणि मग तिला गिऱ्हाइकांची वाण पडली नाही. पुढे १८५६ मध्ये या शोधाच्या श्रेयावरून दोघा विद्वानांत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर भांडण जुंपले. ब्रूस्टर यांची कल्पकता मान्य करूनही त्या वादात त्यांची बाजू लंगडी होती, असेच म्हणावे लागते.

भिंग आले आणि त्याच्याबरोबर धूसरपणाही आला. डोळ्यापासून दोन-चार बोटांवर धरलेले अक्षर कोणालाच वाचता येत नाही. बहिर्गोल भिंग मध्ये धरले, की तेच अक्षर दूर असल्यासारखे दिसते आणि वाचता येते. मात्र भिंग व चित्र यांतील अंतर अचूक जमले पाहिजे, आणि ज्याची दृष्टी अधू त्याच्यासाठी ते थोडे निराळे असले पाहिजे. ही गोष्ट ओळखली ती बोस्टनच्या एका वैद्याने. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे डॉक्टर तसे साहित्यिकही होते. १८६१ मध्ये त्यांनी जे उपकरण योजले त्यात पेटी नव्हती. खाली मूठ, डोळ्यांवर उन्हाची तिरीप न येण्यापुरती झापड, आणि पुढे निघालेली एक लाकडी दांडी. त्या दांडीवर चित्रफलक मागे-पुढे सरके. ज्याला जेथे स्वच्छ दिसेल तेथे त्याने तो थांबवावा. होम्स यांनी या रचनेचे पेटंट घेतले नाही, आणि म्हणून ती वाटेल त्या कारखानदाराला करता आली. जेम्स रिकल्टन यांनी हिंदुस्थानात काढलेली व १९०७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली चित्रे अशाच उपकरणांतून पाहिली गेली. त्यांत मुंबईची दृश्येही होती. मुंबई कधी न पाहिलेल्या अमेरिकन मनुष्याला ती स्वच्छ दिसली, याचे थोडे श्रेय त्या सरकत्या लाकडी पट्टीचे आहे.

त्यानंतरचा मोठा टप्पा एकदम १९६८ मध्ये येतो. त्या वर्षी आयव्हन सदरलंड यांनी चित्रफलक काढून टाकला आणि प्रत्येक डोळ्यासमोर एकेक इवलीशी चित्रनलिका आणली. तीवरील रेषा गणकयंत्र काढी, आणि डोके वळले की त्याही वळत. यंत्र छताला टांगलेले होते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्राने एरिक हाउलेट यांची विस्तृत दृश्य दाखवणारी भिंगे वापरली. चित्र डोळ्यांभोवती पसरले, पण पसरले म्हणूनच विरळही झाले.

या विरळपणाचा हिशेब सोपा आहे. निरोगी डोळ्याला दृश्याच्या एका अंशात सुमारे साठ ठिपके वेगवेगळे ओळखता येतात. पामर लकी या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे २४ लक्ष डॉलर जमवले आणि पुढच्या वर्षी ऑक्युलस नावाचा हेडसेट लोकांच्या हाती दिला. त्यात एका डोळ्याच्या वाट्याला आडव्या ओळीत ६४० ठिपके होते, आणि ते सुमारे नव्वद अंशांवर ताणलेले होते. म्हणजे अंशाला सातच. गव्हाच्या चाळणीतून अंगण पाहावे, तसा तो प्रकार होता. त्याच्यासोबत भिंगांच्या तीन जोड्या मिळत, पैकी दोन ऱ्हस्वदृष्टीच्या लोकांसाठी, ही गोष्ट मात्र होम्स यांना आवडली असती.

दुसरा दोष हालचालीचा. डोके वळत असता पडद्यावरचा ठिपका पुढचे चित्र येईपर्यंत पेटलेलाच राहिला, तर तो नेत्रपटलावर फरफटत जातो आणि त्याची रेघ होते. २०१४ च्या सुधारलेल्या नमुन्यात यावर अजब उपाय निघाला. सेकंदाला ७५ चित्रे यायची, पण प्रत्येक चित्र दोन-तीन सहस्रांश सेकंदच उजळायचे, उरलेला वेळ पडदा काळा. चित्र बहुतांश वेळ विझवून ठेवल्याने ते स्पष्ट दिसू लागले! २०१६ मध्ये भिंगेही बदलली. दीपगृहांसाठी १८२० च्या दशकात ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी योजलेले, वर्तुळाकार खाचांचे पातळ भिंग हेडसेटात आले. वजन घटले, पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली, की खाचांमुळे प्रकाशाचे फराटे दिसत.

आणि तरीही पुष्कळांना चित्र अंधूकच दिसे. कारण चष्मेवाल्याला ठाऊक असते ते. चष्मा करावयास गेले म्हणजे तो बुबुळांमधील अंतर पट्टीने मोजतो. प्रौढांत ते सरासरीने ६३ मिलिमीटरच्या आसपास भरते, पण कोणाचे ५५, कोणाचे ७०. स्त्रियांचे सरासरीने पुरुषांहून थोडे कमीच असते. भिंगाचा मध्य बुबुळासमोर आला नाही, तर चित्र कडेने फाटते, रंग विस्कटतात आणि डोके दुखू लागते. २०१९ मध्ये ‘रिफ्ट एस’ नावाचा जो हेडसेट निघाला त्याची भिंगे सरकतच नव्हती. ती सरासरी डोळ्यांसाठी कायमची बसवलेली होती. ज्याने हा सारा उद्योग सुरू केला, तो लकी तोवर त्या कंपनीतून बाहेर पडलेला होता. आपल्या डोळ्यांतले अंतर सत्तरच्या जवळ असल्याने आपल्याला हा हेडसेट वापरता येत नाही, असे त्याने जाहीर लिहिले. बाकीच्यांनी निमूटपणे आपल्याच डोळ्यांना दोष दिला असेल. सरासरी ही खतावणीत सोयीची. तिच्या मापाची वहाण चांभार कोणाला घालीत नाही. २०२० च्या ‘क्वेस्ट २’ मध्ये ५८, ६३ व ६८ अशी तीन स्थाने आली, आणि २०२३ च्या ‘क्वेस्ट ३’ मध्ये फिरवावयाचे चक्र. त्यातील भिंगेही निराळी, प्रकाशाची घडी घालणारी, आणि ठिपके अंशाला सुमारे पंचवीस.

म्हणून आज हेडसेट धूसर वाटला तर आधी तो गालांवर वर-खाली करून पाहावा, मग भिंगांचे अंतर जुळवावे, भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसावे. एवढ्याने बहुतेकांचे भागते. हेडसेट उन्हात मात्र ठेवू नये. तीच भिंगे सूर्यकिरण एकवटून पडदा जाळतात.

एक दोष यानेही जात नाही. हेडसेटातील फूल हाताच्या अंतरावर दिसले, की दोन्ही डोळे त्याच्याकडे वळतात, पण डोळ्यातील नैसर्गिक भिंगाला मीटर-दोन मीटरवर ठरलेल्या एकाच अंतराशी जुळून राहावे लागते. या ओढाताणीने दृष्टी शिणते व दिसणेही मंदावते, हे २००८ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. २०१८ मध्ये ऑक्युलसची मालक असलेल्या फेसबुक कंपनीने यावर एक नमुना दाखवला. पाहणाऱ्याची नजर कोठे आहे हे हेरून त्यातले छोटे पडदे यंत्राच्या साह्याने भिंगांच्या जवळ वा दूर सरकत. तो नमुना विक्रीस आला नाही. होम्स यांच्या लाकडी दांडीवर हेच काम पाहणाऱ्याचा अंगठा करीत असे.