तळटीप : नीमी नानकिची

नीमी नानकिची (१९१३–१९४३). जपानच्या आइची प्रांतातल्या हांदा गावचे बालकथाकार. चार वर्षांचे असताना आई गेली. पुढे मुलींच्या शाळेत शिक्षक झाले. क्षयाने २९व्या वर्षी वारले.

‘गोन कोल्हा’ ही कथा १९३२मध्ये ‘आकाई तोरी’ मासिकात आली, तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते. ह्योजू नावाच्या गावकऱ्याने पकडलेली वाम गोन हा कोल्हा पळवतो. ह्योजूची आई वारल्यावर, ती वाम तिच्यासाठीच असावी असे वाटून तो पस्तावतो, ह्योजूच्या घरी गुपचूप चेस्टनट नेऊन ठेवतो, आणि ह्योजूच्याच गोळीने मरतो. हस्तलिखितात शेवटी गोनला आनंद होतो. छापील कथेत तो मिटल्या डोळ्यांनी नुसती होकारार्थी मान हलवतो. हा बदल संपादक सुझुकी मिएकिची यांचा मानला जातो, आणि तो फार मोलाचा आहे.

जपानी मुले ही कथा चौथीत वाचतात.