आठ महिन्यांचे सरकार : रशिया, १९१७

वाचकहो, वर्गात रशियन राज्यक्रांतीचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, झार तर मार्चमध्येच गेला. मग नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली ती कोणाकडून?” प्रश्न रास्त होता. लेनिनने झारला गादीवरून खाली खेचले, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक या दोघांच्या मध्ये जेमतेम आठ महिन्यांचे एक सरकार होऊन गेले. ते का टिकले नाही, याचा विचार आपण करू.

पहिले महायुद्ध सुरू होऊन अडीच वर्षे लोटली होती. लाखो रशियन सैनिक कामी आले होते. राजधानी पेट्रोग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, येथे पावासाठी रांगा लागत. ८ मार्च १९१७ रोजी गिरणीतील कामगार स्त्रिया रस्त्यावर आल्या. चार-पाच दिवसांत शहरातील पलटणीही जनतेला मिळाल्या आणि १५ मार्चला झार निकोलस दुसरा याने राज्यत्याग केला. तीनशे वर्षांची राजवट आठवड्याभरात संपली. ड्यूमा या विधिमंडळातील पुढाऱ्यांनी प्रिन्स ल्वॉव्ह यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार बनविले.

हे सरकार वाईट होते काय? मुळीच नाही. त्याने वृत्तपत्रांना व सभांना मोकळीक दिली, राजकीय कैद्यांची सुटका केली, धर्म व वंश यांवरून लादलेली बंधने रद्द केली. मे महिन्यात मॉस्को येथे रशियातील मुसलमानांची परिषद उघडपणे भरू शकली, ती याच वातावरणात.

मग चुकले कोठे? पहिली गोष्ट म्हणजे सरकारपाशी पद होते, बळ नव्हते. कामगार व सैनिक यांच्या प्रतिनिधींची सोव्हिएत नावाची समिती त्याच शहरात उभी राहिली होती. विधिमंडळाच्या लष्करी समितीचे हुकूम सोव्हिएतच्या आदेशाविरुद्ध नसतील तरच पाळावेत, असे सोव्हिएतने १४ मार्च रोजीच सैनिकांना कळविले. घरात दोन कर्ते झाले की कोणाचेच चालत नाही, तसे झाले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जनतेच्या मागण्या साध्या होत्या. सैनिकाला युद्ध थांबायला हवे होते, शेतकऱ्याला जमीन हवी होती, शहरवासीयाला पाव हवा होता. सरकारचे उत्तर असे की, दोस्त राष्ट्रांना दिलेला शब्द मोडता येत नाही. जमिनीचा निर्णय निवडून आलेली घटना समितीच करील. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरही होते. परंतु त्या घटना समितीची निवडणूकच सप्टेंबरवरून नोव्हेंबरवर ढकलण्यात आली. इकडे शेतकरी जमीनदारांच्या जमिनी आपणच ताब्यात घेऊ लागले. जुलैमध्ये युद्धमंत्री केरेन्स्की यांनी काढलेली मोठी चढाई फसली आणि सैनिक आघाडी सोडून घरची वाट धरू लागले.

लेनिन एप्रिलमध्ये परदेशातून परतला होता. शांतता, जमीन, पाव आणि सर्व सत्ता सोव्हिएतांकडे, एवढेच त्याचे सांगणे. जुलैतील दंगलीनंतर त्याला लपून राहावे लागले, त्याचे अनेक सहकारी तुरुंगात गेले. याच महिन्यात केरेन्स्की पंतप्रधान झाले. परंतु सप्टेंबरच्या आरंभी सरसेनापती कॉर्निलॉव्ह याचे सैन्य राजधानीच्या रोखाने निघाले, तेव्हा बचावासाठी कामगारांच्या हाती बंदुका गेल्या. रेल्वे कामगारांनी गाड्या अडविल्या आणि कॉर्निलॉव्हचा बेत फसला. बंदुका मात्र कामगारांकडेच राहिल्या. सेनाधिकारी केरेन्स्कींवर रुष्ट झाले, कामगारांचा विश्वास आधीच उडाला होता. थोड्याच दिवसांत पेट्रोग्राडच्या सोव्हिएतमध्ये बोल्शेविकांचे बहुमत झाले व ट्रॉट्स्की तिचा अध्यक्ष झाला.

७ नोव्हेंबर उजाडला. त्यावेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे ही तारीख २५ ऑक्टोबर, म्हणून तिला ऑक्टोबर क्रांती म्हणतात. पूल, स्टेशने, तारघर बोल्शेविकांनी ताब्यात घेतले. केरेन्स्की सैन्य आणण्यासाठी मोटारीने शहराबाहेर गेले. हिवाळी राजवाड्यात बसलेल्या मंत्र्यांच्या रक्षणाला लष्करी शाळेतील काही तरुण व स्त्रियांच्या पलटणीची एक तुकडी एवढेच उरले होते. उत्तररात्री मंत्र्यांना अटक झाली. एवढ्या मोठ्या देशाचे सरकार पडले, पण त्याच्यासाठी लढायला राजधानी उठली नाही.

विद्यार्थी मित्रहो, गोष्ट येथेच संपत नाही. ठरलेली निवडणूक नोव्हेंबरअखेरीस सुरू झाली. तीत बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते पडली. सर्वांत जास्त मते समाजवादी क्रांतिकारक पक्षाला मिळाली. जानेवारी १९१८ मध्ये घटना समिती एकदाच भरली आणि दुसऱ्याच दिवशी बोल्शेविकांनी ती बंद पाडली. पुढे यादवी युद्ध, उपासमार आणि एकपक्षीय राजवट आली. म्हणजे दुबळेपणाची किंमत मंत्र्यांनी तर मोजलीच, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ती सामान्य माणसाने मोजली.

यातून काय घ्यावे? नुसता चांगला हेतू पुरत नाही. लोकांची नड आजची असते आणि तिला ‘पुढे पाहू’ हे उत्तर होत नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवू या की, जो सर्व काही उद्याच देतो म्हणतो, तो मोबदल्यात काय घेणार आहे, हे आधी विचारले पाहिजे. त्या विद्यार्थ्याप्रमाणे प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागो. पालकांनीही त्यांना गप्प बसवू नये, एवढीच विनंती.