आबांनी बघितलेला अंबरखाना

पन्हाळ्यावर माणसं हवा खायला येतात. सज्जा कोठीवर वारा अंगावर घेतात, तीन दरवाज्यात फोटो काढतात, झुणका-भाकरी खाऊन खाली उतरतात. पावसाळ्यात तरणी पोरं मसाई पठारावरनं चिखल तुडवत पावनखिंडीकडं चालत जातात, त्यांचं कौतुकच आहे. मी मात्र गडावर गेलो की आधी अंबरखान्यात शिरतो.

1973 चा चैत. आमच्या माणदेशात दुष्काळ, घरात रेशनचा लाल मिलो. तरी जोतिबाची वारी चुकवायची नाही म्हणून आबा मला घेऊन निघाले. डोंगरावर गुलाल घेतला आणि तिथनं चालत पन्हाळा गाठला. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. गंगा थोरली. छताच्या भोकांतनं धान्य आत ओतायचं. पंचवीस हजार खंडी मावायचं, असं सांगतात. आबांनी भिंतीवरनं हात फिरवला, ओल बघितली.

"कोरडी हाय बघ," एवढंच म्हणाले.

1660 साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत गडाभोवती होता. बाजीप्रभू, शिवा काशिद यांची नावं आपण घेतो, घ्यावीतच. पण तेवढे महिने गडावर चुली पेटत होत्या. ते धान्य कुणी पिकवलं, कुणी पाठीवर वाहून घाट चढवला? त्या कुणब्यांची नावं कुणाला ठाऊक?

घरी आल्यावर आबांनी कणगी आतनं शेणानं सारवून घेतली. आईनं विचारलं, "आत घालायचं काय?" पावसाला अजून दोन महिने होते.