अपायकारक बॅकलिंक

परस्थळांवरून एखाद्या संकेतस्थळाकडे येणारे, परंतु पैसे मोजून, परस्पर देवघेवीने अथवा यंत्रद्वारा पेरून मिळविलेले, आणि म्हणून शोधयंत्राच्या दृष्टीने निषिद्ध ठरलेले दुवे. लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध केलेल्या पेजरँक पद्धतीने दुव्याला शिफारसपत्राचे मोल दिले, आणि लवकरच या शिफारशींचा राजरोस बाजार भरू लागला. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकन विक्रेत्या पेढीचे असे दुवे उजेडात आणले, तेव्हा एका प्रवासी बॅगेच्या शोधात सायंकाळी सातला पहिली असलेली ही पेढी दोनच तासांत एकाहत्तराव्या स्थानी गेली. दुव्यांस आपली संमती नव्हती, हा तिचा खुलासा कामी आला नाही.

२४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने पेंग्विन ही गणनपद्धती अमलात आणल्यावर अशी शिक्षा सरसकट झाली, आणि सल्लागारांनी ज्यांच्या अपरोक्ष दुवे खरेदले होते असे मालकही तीत भरडले गेले. त्याच वर्षी बिंगने जूनमध्ये व गुगलने ऑक्टोबरमध्ये दुवे नाकारण्याची सोय उपलब्ध करून दिली. प्रथम त्या त्या स्थळचालकास लिहून दुवे काढवून घ्यावेत, आणि जे निघत नाहीत तेवढ्यांचीच यादी साध्या मजकूर-फाइलीत, दर ओळीस एक पत्ता वा एक संपूर्ण डोमेन याप्रमाणे, गुगलच्या सर्च कन्सोल या सेवेतील संबंधित साधनातून दाखल करावी, अशी रीत आहे. नवी यादी दाखल होताच जुनी समूळ रद्द होते, हे पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. गुगलच्या कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासणीअंती कारवाई केली असल्यास फेरविचाराचा अर्जही स्वतंत्रपणे करावा लागतो.

सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन अशा दुव्यांबद्दल शिक्षा करण्याऐवजी बहुधा त्यांस हिशेबातूनच वगळते. म्हणून ज्याने दुवे विकत घेतलेले नाहीत व ज्यास कारवाईची नोटीस आलेली नाही, त्याने त्रयस्थ उपकरणांनी दर्शविलेल्या ‘विषारी’ गुणांकास भिऊन याद्या दाखल करणे अनाठायी होय. त्या भरात उपकारक दुवेही नाकारले जाण्याचा धोका मूळ रोगापेक्षा अधिक आहे. बिंगने तर आपली ही सोय २०२३ मध्ये बंदच केली.